इच्छामरण, लिव्हिंग विल आणि शेवटचं आजारपण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ज्येष्ठ नागरिक संघांच्या सभांत, सोसायट्यांच्या हॉलमध्ये आणि मग घरी गेल्यावर फोनवर जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. शब्द शक्यतो विचारणाऱ्यांचेच ठेवले आहेत. मी वकील आहे, डॉक्टर नाही. कायदा काय म्हणतो ते मी सांगू शकते, उपचार कुठे थांबवायचे ते तुमचे डॉक्टरच सांगतील. एकच मुद्दा दोनदा येऊ नये म्हणून जिथे गरज आहे तिथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. दयामरण, इच्छामरण, लिव्हिंग विल हे सगळं एकच का?

नाही. डॉक्टरांनी इंजेक्शन देऊन रुग्णाचं आयुष्य संपवणं हे सक्रिय दयामरण. डॉक्टरांनी औषध लिहून द्यायचं आणि रुग्णाने ते स्वतःच्या हाताने घ्यायचं, हा दुसरा प्रकार. परदेशातल्या बातम्यांत बहुतेक वेळा याचीच चर्चा असते. तिसरा प्रकार म्हणजे उपयोग उरला नाही तेव्हा व्हेंटिलेटर, डायलिसिस असे उपचार थांबवणं किंवा सुरूच न करणं. आजार त्याच्या वाटेने जातो, आपण आडवं येत नाही. याला निष्क्रिय दयामरण म्हणतात.

लिव्हिंग विल हा फक्त या तिसऱ्या प्रकारासाठी आधीच करून ठेवायचा कागद आहे. मालमत्तेच्या मृत्युपत्राशी त्याचा काहीही संबंध नाही.

"मला इच्छामरण हवंय" असं सभेत ठणकावून सांगणाऱ्यांना थोडं खोदून विचारलं, की बहुतेकांना एवढंच म्हणायचं असतं: मला आयसीयूत नळ्या लावून खितपत ठेवू नका. त्यासाठी नवा कायदा यायची वाट बघायची गरज नाही.

२. मग भारतात इच्छामरण कायदेशीर आहे की नाही? व्हॉट्सॲपवर दोन्ही वाचलंय.

दोन्ही मेसेज अर्धे खरे आहेत. पहिले दोन प्रकार गुन्हा आहेत. तिसरा कायदेशीर आहे. कॉमन कॉज या संस्थेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ९ मार्च २०१८ रोजी निकाल दिला, की सन्मानाने मरण येऊ देणं हा घटनेच्या २१ व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. लिव्हिंग विललाही तेव्हाच मान्यता मिळाली. मात्र त्या वेळी घातलेल्या अटी इतक्या जाचक होत्या की कागद करायला कोणी धजेना. शेवटी जानेवारी २०२३ मध्ये न्यायालयाने स्वतःच त्या सैल केल्या.

संसदेने यावर अजून कायदा केलेला नाही. आज जे काही आहे ते न्यायालयाच्या निर्देशांवर चालतं, आणि कायदा होईपर्यंत हे निर्देशच कायद्याच्या जागी आहेत. आरोग्य मंत्रालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये उपचार थांबवण्याविषयी एक मसुदा सूचनांसाठी प्रसिद्ध केला, तेव्हा डॉक्टरांच्या संघटनेनेच त्याच्यावर आक्षेप घेतला. असा निर्णय कागदावर आणला की आपल्यावरचा ताण आणि बालंट वाढेल, अशी त्यांची भीती होती.

३. अरुणा शानबागला कोर्टाने परवानगी दिली होती ना?

नाही. हा गैरसमज इतका पक्का आहे की वकिलांच्या तोंडूनही ऐकलाय.

मुंबईच्या केईएम रुग्णालयात परिचारिका असलेल्या अरुणा शानबाग यांच्यावर नोव्हेंबर १९७३ मध्ये तिथल्याच एका सफाई कामगाराने अत्याचार केला. गळा आवळल्याने मेंदूचा प्राणवायू तुटला आणि त्या कायमच्या अंथरुणाला खिळल्या. पत्रकार पिंकी विरानी यांनी त्यांच्या वतीने याचिका केली. ७ मार्च २०११ च्या निकालात न्यायालयाने म्हटलं की निष्क्रिय दयामरण उच्च न्यायालयाच्या परवानगीने देता येईल, पण अरुणा यांच्या बाबतीत नाही. त्यांच्या वतीने बोलण्याचा अधिकार याचिकाकर्तीचा नसून इतकी वर्षं त्यांना भरवणाऱ्या, त्यांची कूस बदलणाऱ्या केईएमच्या कर्मचाऱ्यांचा आहे, असं न्यायालयाने ठरवलं. आणि त्या कर्मचाऱ्यांना त्या जगायला हव्या होत्या. १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने त्या गेल्या.

थोडक्यात, अरुणा यांच्या नावाने जो हक्क आपल्याला मिळाला तो त्यांना लागू झाला नाही. मला या निकालातली सगळ्यात मोलाची गोष्ट वेगळीच वाटते. रक्ताचं नातं नसलेल्या माणसांनाही, त्यांनी केलेल्या सेवेमुळे, रुग्णाच्या वतीने बोलण्याचा अधिकार न्यायालयाने दिला. एकट्या राहणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

४. लिव्हिंग विल करायला काय लागतं? वकील, स्टँप पेपर, डॉक्टरचं सर्टिफिकेट?

अठरा वर्षं पूर्ण, डोकं ठिकाणावर आणि कोणाचा दबाव नसणं, एवढं लागतं. कागद लेखी हवा. दोन साक्षीदारांसमोर सही करायची. साक्षीदार शक्यतो घरचे किंवा वारस नसावेत. मग नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर तो साक्षांकित करायचा. २०१८ च्या नियमात इथे न्यायदंडाधिकाऱ्यांची सही लागायची, ती अट गेली.

वकील सक्तीचा नाही. (माझ्या पोटावर पाय येतो, पण खरं ते खरं.) न्यायालयाने स्टँप पेपरची किंवा डॉक्टरांच्या दाखल्याची अट घातलेली नाही. काही नोटरी आपल्या सवयीने स्टँप पेपर मागतात. वाद घालण्यापेक्षा द्यावा. वय ऐंशीच्या पुढे असेल किंवा घरात कुरबुर असेल तर त्याच सुमाराचा डॉक्टरांचा दाखला जोडून ठेवणं शहाणपणाचं, म्हणजे "तेव्हा त्यांना काही कळत नव्हतं" असं पुढे कोणी म्हणणार नाही.

५. त्यात नेमकं लिहायचं काय? नमुना आहे का?

नमुने पुष्कळ फिरतात, आणि त्यातले निम्मे धोक्याचे आहेत. एका आजोबांनी दाखवलेल्या कागदात एकच ओळ होती: "मला कोणत्याही परिस्थितीत व्हेंटिलेटर लावू नये." त्यांना विचारलं, उद्या साधा न्यूमोनिया झाला आणि चार दिवस मशीनवर राहून तुम्ही पुन्हा सकाळी बागेत फिरायला जाणार असाल, तर? ते म्हणाले, तेव्हा लावा की! मग कागदात तसं लिहायला हवं.

म्हणून यंत्राचं नाव घेण्याआधी परिस्थिती लिहा. उदाहरणार्थ: "माझा आजार बरा होण्यापलीकडे गेला आहे आणि मी शुद्धीवर येऊन माणसं ओळखण्याची वाजवी शक्यता उरलेली नाही, असं डॉक्टरांचं मत झालं, तर मला व्हेंटिलेटर, डायलिसिस, हृदय बंद पडल्यास छाती दाबून ते पुन्हा सुरू करण्याचे प्रयत्न नकोत. सुरू केले असल्यास थांबवावेत. वेदना, धाप, तहान यांवरचे उपचार मात्र शेवटपर्यंत द्यावेत."

शेवटचं वाक्य विसरू नका. ते नसलं तर "यांना काहीच करायचं नाही" असा अर्थ काढणारेही भेटतात.

निर्णय कळवणाऱ्या व्यक्तीचं नाव लिहायचं असतं. एकापेक्षा जास्त नावं देता येतात. थोरला मुलगा म्हणून थोरल्याचं नाव घालू नका. तुमचा शब्द ऐकणारं आणि वेळेला न डगमगणारं माणूस निवडा. पुष्कळ घरांत ती सून असते. आणि त्या व्यक्तीला आधी विचारा, हे सांगायला नको, पण सांगावं लागतं.

६. कागद कपाटात ठेवला तर चालेल?

कायद्याने तो कागदच राहील, पण उपयोग शून्य. रात्री दोन वाजता ॲम्ब्युलन्स आली की कपाटाची किल्ली कोण शोधणार? प्रत कागदात नाव असलेल्या व्यक्तींना आणि फॅमिली डॉक्टरांना द्यायची. एक प्रत स्थानिक स्वराज्य संस्थेने, म्हणजे महापालिका, नगरपालिका किंवा पंचायतीने, नेमलेल्या अधिकाऱ्याकडे द्यायची. तुमच्या डिजिटल आरोग्य नोंदीतही तो जोडता येतो.

हा अधिकारी कोण, हे महाराष्ट्रात बराच काळ कुणालाच ठाऊक नव्हतं. मुंबईचे स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. निखिल दातार यांनी मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली, तेव्हा सरकार हललं आणि राज्यभरात ४१७ अधिकारी नेमल्याचं न्यायालयाला सांगितलं गेलं. तरी तुमच्या वॉर्ड ऑफिसच्या खिडकीवर "लिव्हिंग काय?" असा प्रश्न आला तर नवल वाटून घेऊ नका. अर्ज लेखी द्या, दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का आणि तारीख घ्या. गोव्यात मे २०२४ मध्ये उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाचे न्यायमूर्ती एम. एस. सोनक यांनी स्वतःचा कागद नोंदवून सुरुवात करून दिली.

७. प्रत्यक्ष वेळ आल्यावर हॉस्पिटलमध्ये काय होतं?

कागद दाखवला आणि मशीन बंद केलं, असं होत नाही. उपचार करणारे डॉक्टर आणि किमान पाच वर्षांचा अनुभव असलेले त्या विषयाचे दोन तज्ज्ञ असं प्राथमिक मंडळ रुग्णालयच नेमतं. त्यांनी शक्यतो ४८ तासांत मत द्यायचं. उपचार थांबवावेत असं त्यांचं मत झालं तर दुय्यम मंडळ बसतं: जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांनी सुचवलेला एक डॉक्टर आणि पहिल्या मंडळात नसलेले दोन तज्ज्ञ. त्यांनाही शक्यतो ४८ तास. दोन्ही मंडळं सहमत असतील आणि कागदातल्या व्यक्तीची संमती असेल, तर न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवून अंमलबजावणी होते. लक्षात घ्या, कळवायचं असतं; परवानगीसाठी थांबायचं नसतं.

मंडळ नाही म्हणालं तर उच्च न्यायालयात जाता येतं. न्यायालय गरज वाटल्यास स्वतंत्र डॉक्टरांची समिती नेमून मत घेऊ शकतं.

अडचण दुय्यम मंडळाची असते. मुंबई-पुण्यातल्या मोठ्या रुग्णालयांत माणसं मिळतात. तालुक्याच्या खासगी नर्सिंग होममध्ये पाच वर्षांचा अनुभव असलेले आणखी दोन तज्ज्ञ आणायचे कुठून? म्हणून असाध्य आजाराचं निदान झाल्यावरच डॉक्टरांना विचारून ठेवा: तुमच्याकडे ही पद्धत बसवलेली आहे का?

८. बाबांनी काहीच लिहिलं नाही आणि ते आत्ता व्हेंटिलेटरवर आहेत. आता काय?

कागद नसला तरी वाट बंद नाही. प्रश्न ७ मधलीच पद्धत, फक्त कागदातल्या व्यक्तीऐवजी जवळच्या नातेवाइकांची लेखी संमती. कुटुंबाने विचार करायचा तो "आम्हाला काय वाटतं" हा नाही. बाबा शुद्धीवर असते तर काय म्हणाले असते, हा प्रश्न एकमेकांना विचारा. शेजारचे काका गेले तेव्हा बाबा काय बोलले होते? त्यातून पुष्कळ काही सापडतं.

बाबा शुद्धीवर असतील आणि समजून-उमजून उपचार नाकारत असतील तर प्रश्नच वेगळा. सज्ञान, समजूतदार माणसाला कोणताही उपचार नाकारण्याचा हक्क आहे, मग त्याने जीव धोक्यात येत असला तरी. तिथे मुलांची सही महत्त्वाची नाही, बाबांचं "नको" महत्त्वाचं.

९. भावंडांत एकमत नाही. परदेशातला भाऊ फोनवर म्हणतो, सगळं काही करा.

मंडळापर्यंत जाण्याआधी सगळ्यात जास्त प्रकरणं इथे अडतात. बहुमताने ठरवा, असं न्यायालयाने कुठेही म्हटलेलं नाही. आणि घरात वाद दिसला की रुग्णालय हात आखडतं, ते स्वाभाविकही आहे. डॉक्टरांना विनंती करून सगळ्यांची एकत्र बैठक घ्या, लांबच्या भावाला व्हिडिओ कॉलवर घ्या आणि बोलणं डॉक्टरांना करू द्या. तुम्ही सांगितलं की ते तुमचं मत ठरतं. बहुतेक वेळा लांबच्या भावंडाला आजाराची पायरी माहीत नसते. त्याला शेवटचे बाबा गणपतीत मोदक वळताना दिसलेले असतात.

लिव्हिंग विल असेल तर भांडणाचं मूळच उरत नाही.

१०. डॉक्टर म्हणाले, "आता घरी न्या." आम्ही सही करून नेलं, दोन दिवसांत आई गेली. आम्ही काही गुन्हा केला का?

नाही. हा प्रश्न नेहमी खालच्या आवाजात येतो, म्हणून उत्तर स्पष्ट लिहिते: असाध्य अवस्थेत उपचार न वाढवता घरी नेणं हा गुन्हा नाही.

गुन्हेगारासारखं वाटतं ते त्या फॉर्ममुळे. "डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध रुग्णास नेत आहोत", ज्याला रुग्णालयात सगळे डामा म्हणतात. सल्ला डॉक्टरांचाच, पण कागदावर तो तुमच्या हट्टासारखा दिसतो. आपल्याकडे शेवटच्या उपचारांबाबतचे कितीतरी निर्णय याच आडवाटेने होतात, आणि बहुतेक वेळा खरं कारण पैसे संपले हे असतं. मला या पद्धतीचा मनापासून राग आहे. कारण त्या फॉर्मसोबत रुग्ण घरी जातो तो वेदनाशामकाशिवाय, ऑक्सिजनशिवाय आणि फोन कोणाला करायचा याच्या माहितीशिवाय. तुमच्यावर ही वेळ आली तर सही करण्याआधी तीन गोष्टी मागा: घरी द्यायच्या औषधांची चिठ्ठी, घरी येऊ शकणाऱ्या वेदनाशमन पथकाचं नाव आणि मृत्यूचा दाखला कोण देईल याचं उत्तर. तिसरी गोष्ट राहिली, तर पहाटे दाखल्यासाठी दारोदार फिरावं लागतं.

११. मॉर्फिन दिलं की माणूस लवकर जातो म्हणे. हे छुपं दयामरणच ना?

जाणत्या डॉक्टरांनी वेदनेच्या मापाने, हळूहळू वाढवत दिलेलं मॉर्फिन आयुष्य संपवत नाही. ते वेदना आणि धाप कमी करतं. हेतू वेदना घालवण्याचा आणि मात्रा त्या प्रमाणात असेल, तर कायद्यानेही तो उपचारच आहे.

मॉर्फिन मिळत नाही ही तक्रार मात्र खरी. अमली पदार्थांच्या कायद्यातल्या परवान्यांच्या जंजाळामुळे दुकानदार ते ठेवायलाच घाबरत. २०१४ च्या दुरुस्तीने मान्यताप्राप्त संस्थांना ते ठेवणं सोपं केलं. मुंबईत टाटा मेमोरियलचा वेदनाशमन विभाग आहे, वांद्र्याला १९८६ पासून शांती अवेदना सदन आहे, पुण्यात वारज्याला सिप्लाचं केंद्र आहे. जिल्हा सोडून आत गेलं की यादी झपाट्याने आटते.

१२. नाकातून अन्न देण्याची नळी बंद करता येते का?

सगळ्यात अवघड प्रश्न. नळीने पोषण देणं हा उपचार की जेवू घालणं? वैद्यकीय नीतिशास्त्रात बऱ्याच ठिकाणी तो उपचार मानतात. पण आपल्याकडे "आईला उपाशी ठेवलं" हे वाक्य कुठल्याही न्यायालयाच्या निकालापेक्षा जड आहे. हा निर्णय घरच्या घरी घेऊ नका. प्रश्न ७ मधल्या मंडळांसमोरच ठेवा. एक मात्र डॉक्टरांकडून समजून घ्या: मरणाच्या अगदी जवळ पोचलेल्या माणसाची भूक आपोआप मंदावते. तो खात नाही म्हणून मरत नसतो; मरणाला टेकलेला असतो म्हणून खात नाही. ओठ ओले ठेवणं, तोंड स्वच्छ ठेवणं ही तेव्हाची सेवा.

१३. ब्रेन डेड माणसाच्या बाबतीतही हे सगळं करावं लागतं?

ब्रेन डेड आणि कोमा या दोन वेगळ्या अवस्था आहेत. मेंदूचा खोड भाग मृत झाल्याचं प्रमाणपत्र अवयव प्रत्यारोपणाच्या १९९४ च्या कायद्याखाली दिलं जातं, आणि अवयवदानासाठी त्याला मृत्यू मानतात. कुटुंबाने दानाला नकार दिला तर मशीनचं काय करायचं, यावर रुग्णालयं आजही चाचपडतात. तुमच्या लिव्हिंग विलमध्ये अवयवदानाची इच्छा लिहून ठेवलीत तर घरच्यांचं ओझं हलकं होईल.

१४. आपल्याकडे प्रायोपवेशन होतंच की. सावरकर, विनोबा... मग आता एवढा काथ्याकूट कशाला?

१९६६ मध्ये सावरकरांनी अन्न-औषध सोडून देह ठेवला. १९८२ च्या नोव्हेंबरात पवनारला विनोबांनी तेच केलं. दोघांवरही कोणी खटला भरला नाही. विनोबांच्या वेळी तर पंतप्रधान भेटीला आल्या होत्या. जैन समाजातल्या संथारा व्रताला, म्हणजे मरण येईपर्यंतच्या उपवासाला, राजस्थान उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१५ मध्ये आत्महत्या ठरवलं आणि त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली.

म्हणजे परंपरेला हे मान्य आहे हे खरं. पण परंपरेतला माणूस स्वतःच्या मनाने, सगळ्यांसमोर, दुसऱ्याचा हात लागू न देता जातो. आजच्या वादाचा गाभा नेमका दुसऱ्याच्या हाताचा आहे: डॉक्टरने काही करावं का? विनोबांचा दाखला त्या प्रश्नाचं उत्तर देत नाही.

१५. आत्महत्येचा प्रयत्न आता गुन्हा नाही म्हणतात. मग त्याला मदत करणं गुन्हा कसा?

मुंबई उच्च न्यायालयाने १९८६ मध्येच, एका पोलीस शिपायाच्या प्रकरणात, आत्महत्येच्या प्रयत्नाला शिक्षा देणारं जुन्या भारतीय दंड संहितेतलं ३०९ कलम घटनाबाह्य ठरवलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये तीच दिशा घेतली आणि १९९६ मध्ये ग्यान कौर खटल्यात ती फिरवली. १ जुलै २०२४ पासून आलेल्या भारतीय न्याय संहितेत ते कलम नाही. सरकारी नोकरावर दबाव आणण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा गुन्हा आहे.

प्रवृत्त करणं किंवा मदत करणं मात्र कलम १०८ खाली दहा वर्षांपर्यंत शिक्षेचा गुन्हा आहे. खचलेल्या माणसाला शिक्षा नको, पण त्याच्या खचण्याचा फायदा घेणाऱ्याला हवी, असा त्यामागचा विचार. अठरा वर्षांवरील माणसाच्या संमतीने त्याचा जीव घेतला तर तो खून न ठरता सदोष मनुष्यवध ठरतो. शिक्षा कमी होते, सुटका होत नाही.

१६. परदेशात कुठे काय चालतं?

अमेरिकेतल्या ओरेगॉनमध्ये १९९७ पासून, सहा महिन्यांहून कमी आयुष्य उरलेल्या सज्ञान रुग्णाला डॉक्टर औषध लिहून देऊ शकतात. घ्यायचं त्याने स्वतः. नेदरलँड्स आणि बेल्जियममध्ये २००२ पासून डॉक्टरांनी इंजेक्शन देणंही चालतं आणि आयुष्य किती उरलं याची अट नाही, असह्य आणि न सुधारणारं दुखणं पुरतं. स्वित्झर्लंडमध्ये स्वार्थी हेतूशिवाय केलेली मदत १९४२ पासून गुन्हा नाही. कॅनडाने २०१६ मध्ये सुरुवात केली आणि २०२१ मध्ये मृत्यू जवळ नसलेल्यांनाही दार उघडलं. न्यूझीलंड, स्पेन, ऑस्ट्रेलियातली सगळी राज्यं यांचे आपापले कायदे आहेत. ब्रिटनच्या कॉमन्स सभागृहात २० जून २०२५ रोजी अशा विधेयकाच्या बाजूने ३१४ आणि विरोधात २९१ मतं पडली.

१७. आम्ही न्यू जर्सीत असतो, तिथे हा कायदा आहे. आई व्हिजिटर व्हिसावर आली आहे, तिला कॅन्सर आहे. तिला लागू होईल?

न्यू जर्सीचा ओरेगॉनसारखा कायदा ऑगस्ट २०१९ पासून लागू आहे, पण तो राज्याच्या रहिवाशांसाठी. ड्रायव्हिंग लायसन्स, मतदार नोंदणी, कराचं विवरणपत्र अशा पुराव्यांवर रहिवास ठरतो. पाहुण्या म्हणून आलेल्या आईंचं ते बसणार नाही. ओरेगॉन आणि व्हरमाँट यांनी २०२३ मध्ये रहिवासाची अट काढली आहे, पण अंथरुणावरच्या आईला विमानाने तिकडे नेणं म्हणजे काय, याचा विचार करा. आईंना त्यापेक्षा हॉस्पिस सेवेची, म्हणजे असाध्य रुग्णाच्या शेवटच्या दिवसांतल्या शुश्रूषेची, जास्त गरज असण्याची शक्यता आहे. तिचा खर्च आणि प्रवासी विम्याच्या अटी आधी पाहा.

१८. स्वित्झर्लंडला जाता येईल का? सोबत गेलेल्या मुलावर इथे केस होईल?

तिथल्या काही संस्था परदेशी माणसांना घेतात. सोबत जाणाऱ्याचं म्हणाल, तर भारतीय नागरिकाने परदेशात केलेल्या कृत्यालाही भारतीय न्याय संहिता लागू होते. अशा गुन्ह्याचा खटला चालवायला केंद्र सरकारची पूर्वपरवानगी लागते. म्हणजे जोखीम कागदावर आहे, आणि "तिकडे कायदेशीर आहे म्हणून इथे काही होणार नाही" असं लिहून देणाऱ्या वकिलावर मी विश्वास ठेवणार नाही.

१९. डिमेन्शिया असेल तर?

कागद आत्ताच करा, समजतंय तोवर. भारतातलं लिव्हिंग विल अखेरच्या, न सुधारणाऱ्या अवस्थेत लागू होतं. विस्मरण सुरू झालं म्हणून नाही. कागदाचं बळ सही करतानाच्या समजेवर असतं, म्हणून प्रश्न ४ मधला डॉक्टरांचा दाखला इथे जवळजवळ आवश्यक समजा.

२०. मला आजार काही नाही. पण मागे कोणी नाही, जगून झालं असं वाटतं. मला हक्क का नाही?

मुंबईतल्या एका निपुत्रिक वृद्ध जोडप्याने काही वर्षांपूर्वी राष्ट्रपतींना असंच पत्र लिहिलं होतं: आम्ही धडधाकट आहोत, तोवरच जाऊ द्या. आपला कायदा अशा विनंतीला जागा देत नाही. पण तुमच्या प्रश्नाला कायद्याचं उत्तर देऊन मी मोकळी होणार नाही. असं वाटणं हे कितीतरी वेळा नैराश्य असतं, ते म्हातारपणीही उपचाराने बरं होतं, आणि ते ओळखलं जात नाही कारण सगळे म्हणतात, वयच आहे. टेली मानस या सरकारी मदतवाहिनीचा क्रमांक १४४१६. तिथे मराठीतही बोलता येतं. हे वाचताना जीव द्यावासा वाटत असेल तर आत्ताच तिथे किंवा जवळच्या माणसाला फोन करा.

२१. तुमचं स्वतःचं मत काय? सक्रिय इच्छामरणाचा कायदा भारतात यावा का?

मागणी जुनी आहे. मिनू मसानी यांनी १९८१ मध्ये मुंबईत यासाठी संस्था काढली. १९८५ मध्ये सदानंद वर्दे यांनी महाराष्ट्र विधान परिषदेत, असाध्य रुग्णाचे उपचार थांबवणाऱ्या डॉक्टरांना संरक्षण देणारं विधेयक मांडलं. तेव्हा ते टोकाचं वाटलं असेल. आज आपण साधारण तिथेच पोचलो आहोत. म्हणून आजच्या मागणीलाही मी टोकाची म्हणणार नाही.

बाजूने सगळ्यात भक्कम मुद्दा स्नायू निकामी करत जाणाऱ्या आजारांचा. डोकं लख्ख आणि शरीर इंच-इंच बंद. त्यांना "वेदनाशमन आहे ना" असं सांगणं अपुरं आहे. ओरेगॉनमधल्या नोंदींत औषध मागण्याचं कारण म्हणून लोक वेदनेपेक्षा स्वतःवरचा ताबा जाणं जास्त सांगतात. आणि चिठ्ठी मिळालेल्यांतले साधारण एक तृतीयांश लोक ते औषध घेतच नाहीत. हाताशी आहे एवढ्याने त्यांना धीर येतो. याला उत्तर देणं सोपं नाही.

तरीही आज, इथे, मी "अजून नाही" म्हणेन. आमच्या सभांत सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य "मला वेदना नकोत" हे नाही. ते आहे "मुलांना त्रास नको." हे बोलणाऱ्यांत नावावर घर नसलेल्या, पेन्शन नसलेल्या विधवा बायका जास्त असतात. औषधाचं बिल मुलाच्या चेहऱ्यावर वाचणारी बाई स्वतःच्या इच्छेने मरण मागते आहे हे कोणतं मंडळ ठरवणार? परदेशातल्या अपंगांच्या संघटनाही याच कारणाने विरोध करतात. त्यांच्याकडे निदान सरकारी आरोग्यसेवा आहे. आपल्याकडे जिल्ह्याच्या ठिकाणी मॉर्फिन मिळेल आणि आजारपणाने घर विकावं लागणार नाही, तेव्हा मला हा प्रश्न पुन्हा विचारा. तोवर ज्याला स्नायूंचा आजार झाला आहे त्याला माझं हे मत अन्यायाचं वाटेल, आणि त्याच्याशी वाद घालायला माझ्याकडे फारसं काही नाही.

२२. उपचार थांबवल्यावर मृत्यू झाला तर विम्याचे पैसे अडकतील?

अडकायला नकोत. ही आत्महत्या नव्हे. मृत्यूचं कारण मूळ आजारच असतो आणि दाखल्यावर तोच लिहिला जातो. मंडळांच्या निर्णयाच्या प्रती मात्र जपून ठेवा. आजार विमा घेताना लपवला असेल तर दावा त्या कारणाने अडेल, ते प्रकरण वेगळं.

२३. कागद केला आणि नंतर मत बदललं तर?

समज शाबूत असेपर्यंत केव्हाही, कितीही वेळा बदला किंवा रद्द करा. रद्द करणंही लेखी हवं. एकापेक्षा जास्त कागद सापडले तर शेवटचा धरला जातो. जुन्या प्रती जिथे जिथे दिल्या होत्या, तिथून सगळ्या परत घ्या आणि पालिकेच्या अधिकाऱ्यालाही लेखी कळवा, आवक शिक्क्यासह. बदल नको असेल तरी मोठं आजारपण किंवा घरातला मृत्यू झाल्यावर कागद एकदा काढून वाचा. ज्याचं नाव तुम्ही लिहिलंय तो माणूस अजून आहे का आणि त्याचा फोन नंबर तोच आहे का, एवढं तरी तपासा.